लिफ्टकाकांनी दुरुस्त केलेले आजोबा

लिफ्टकाकांना आईवडिलांनी ठेवलेलं एक चांगलंसं नाव होतं, पण विजेचं बिल सोडलं तर ते कुठेच वापरात नव्हतं. उभा जन्म लिफ्टदुरुस्तीत गेला. लोकांचे जिने वाचावेत म्हणून राबलेला हा माणूस स्वतः मात्र अवजारांची पिशवी खांद्याला लावून जिन्यानेच चढत आला, कारण तो पोचायचा तेव्हा लिफ्ट बंदच असायची. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी काम सोडलं, पण हातांनी काही काम सोडलं नाही.

हाताला गुण होता, यात वाद नाही. अडचण एवढीच की त्या हातांना स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. कुठे काही डुगडुगलं, करकरलं, मागेपुढे झालं की ते शिवशिवायला लागत. काकूंनी स्वयंपाकघरातलं घड्याळ मुद्दाम थोडं पुढे ठेवलेलं असायचं, म्हणजे घरातली माणसं वेळेवर बाहेर पडतील. काका ते दर वेळी बरोबर लावून ठेवत आणि वर दिवसभर ते सांगत फिरत. शेजारच्या वहिनींच्या दाराची करकर त्यांनी न विचारता तेल घालून घालवली, तेव्हापासून वहिनींना आपला लेक घरी किती वाजता येतो ते कळेना. त्या करकरीवरच तर बाईंची झोप बेतलेली होती. काकूंनी कपाळाला हात लावला. देवाने तोंड कशाला दिलंय, आधी विचारायला काय होतं, असं त्या म्हणाल्या. काकांना तोंड होतं, पण हात आधी पोचायचे.

जित्याची खोड, दुसरं काय. पण माणूस लाखात एक. शेजारापाजाऱ्यांच्या मिक्सरपासून पोरांच्या सायकलीपर्यंत सगळं त्यांच्याकडे यायचं आणि बरं होऊन जायचं. वाचनालयाची लिफ्ट अडून बसली तेव्हाही निरोप त्यांनाच गेला, आणि काम सोडलेलं असूनही ते पिशवी घेऊन निघाले.

लिफ्ट वरच्या मजल्यावर अडली होती. तिथल्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी एक ताई मुलांना कॉम्प्युटरला कामं सांगायला, म्हणजे कोडिंग, शिकवायची. फुकट. आठवडाभर ऑफिसात तेच करून ही पोरगी सुट्टीच्या दिवशी परत तेच करत होती, आणि वर हसत होती. ऑफिसांनी टाकून दिलेले लॅपटॉप, गल्लीतली पोरं आणि ताई, असा सगळा कारभार. वाचनालयाची अट मात्र अशी, की दोन मोठी माणसं हजर असल्याशिवाय हॉल उघडायचा नाही. ताईच्या जोडीला जी मैत्रीण होती ती नुकतीच दुसरीकडे राहायला गेली होती. पाना हातात घेऊन लिफ्टमधून बाहेर आलेले काका ताईला दिसले आणि तिने विचारलं, काका, शनिवारी दुपारी तुम्ही इथे येऊन नुसते बसाल का?

काकांना आयुष्यात कोणी पहिल्यांदाच नुसतं बसायला सांगत होतं. त्यांनी हो म्हटलं. ते खरंच नुसते बसले असते तर ही गोष्ट घडलीच नसती.

पहिल्या काही शनिवारी ते बसले. मग एका लॅपटॉपची निखळलेली कळ त्यांनी खोडरबराचा तुकडा कापून बसवली. मग हळूहळू ते पोरांच्या मागे जाऊन उभे राहायला लागले, आणि शेवटी एका कोपऱ्यात स्वतःच शिकायला बसले. पडद्यावर रंगीत विटा असायच्या. एकीवर 'पुढे जा' लिहिलेलं, एकीवर 'वळ', एकीवर 'थांब'. त्या एकीखाली एक रचल्या की पडद्यावरचं मांजर सांगितल्याबरहुकूम चालायचं. काकांचं मांजर पहिले कितीतरी दिवस भिंतीतून आरपार जायचं. पोरं त्यांच्यासाठी खोळंबायची, आणि त्याबद्दल त्यांना टोमणेही मारायची.

ताईचा एक नियम होता, आणि त्या बाबतीत ती ऐकायची नाही. पोराच्या कीबोर्डला मोठ्या माणसाचा हात लागता कामा नये. विचारा, ऐका, फार तर बोट दाखवा, पण हात पाठीमागे. काकांना हा नियम फार जड गेला. एखादं पोर चुकीची वीट उचलायचं आणि इकडे काकांची बोटं पाठीमागे एकमेकांना आवळायची. तसेच हात बांधून ते हॉलभर फिरायचे. एका चुणचुणीत पोराने त्यांना एकदा विचारलं, की काका, तुम्हाला पकडून आणलंय का?

या सगळ्या गलक्यात मुंगी होती. अंगाने एवढीशी, आणि हातात घेतलेलं काम सोडायचं नाही, म्हणून पोरांनीच तिला मुंगी केलं होतं. खिडकीजवळचा तोच लॅपटॉप घ्यायची, खाली मान घालून काम करायची, आणि वेळ संपली की आल्यासारखीच निघून जायची. तिची आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. ती मुलीला खालच्या दारात सोडायची तेव्हाच तिचा एक पाय परतीच्या वाटेला लागलेला असायचा. मध्ये काही शनिवार मुंगी आलीच नाही. परत आली तेव्हा ताईने विचारलं, तर घरी जरा अडचण होती, एवढंच आई म्हणाली. मुंगी जाऊन खिडकीजवळ बसली. ती आधीच कमी बोलायची, त्यामुळे आणखी कमी बोलते आहे हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

पुढे आईवडिलांना बोलावून पोरांचे गेम दाखवायचं ठरलं. प्रत्येक पोराने आपल्या घरच्या माणसाला आपला गेम खेळायला बसवायचं, अशी कल्पना होती. मुंगीचा गेम रस्ता ओलांडायचा होता, आणि तो तिने केव्हापासूनच करायला घेतला होता. मोटारी होत्या, आणि एक म्हातारा माणूस होता. बाकी ती काही सांगायची नाही.

एका शनिवारी पोरं गेली, ताई खाली किल्लीचं बघायला गेली, आणि लॅपटॉप मिटून ठेवायला काका एकटे वर राहिले. मुंगीचा गेम उघडाच होता. काकांनी सहज बाण दाबला, तर म्हातारा मागे सरकून फुटपाथवर जाऊन उभा. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. काकांनी हात काढला. म्हातारा एक पाऊल चालला आणि थांबला. बऱ्याच वेळाने दुसरं पाऊल. मग मोटारींच्या मधोमध जो उभा राहिला तो हलेचना.

अडकतंय, काकांनी निदान केलं. आत पाहिलं तर जागोजाग 'थांब'च्या विटा. एक लहान, तिच्यानंतरची भलतीच मोठी, मग दोन लागोपाठ, कशाला काही मेळ नाही. पोरांचं काय, दिसली वीट की डकव. बिचारी एवढी खपली आणि आता सगळ्यांसमोर हिचा गेम बंद पडणार, या विचाराने काकांचा जीव कळवळला. आणि त्यांचे हात पाठीमागून पुढे आले. सगळ्या 'थांब' त्यांनी उपटून काढल्या, बाण दाबला की म्हातारा पुढे जाईल अशी सोय केली, आणि ते जपून ठेवायचं बटणही दाबलं. म्हातारा तुरुतुरु रस्ता ओलांडून गेला. त्या दिवशी काका घरी आले ते गाणं गुणगुणत.

पुढच्या शनिवारी मुंगीने लॅपटॉप उघडला तेव्हा ते मुद्दाम तिच्या मागे जाऊन उभे राहिले. पोर खूश झालेली त्यांना बघायची होती. मुंगीने काही न दाबता वाट पाहिली. म्हातारा फुटपाथवरच उभा. तिने बाणाला बोट लावलं, आणि तो पळत पलीकडे गेला. मुंगी बराच वेळ रिकाम्या रस्त्याकडे पाहत राहिली. मग तिने विटांची रास उघडली, वरपासून खालपर्यंत पाहिली, परत वर गेली, परत खाली आली.

“ताई, माझ्या थांब कुठे गेल्या?”

ताईने काकांकडे पाहिलं. काकांचं तोंडच सगळं सांगत होतं.

“मी काढल्या गं,” काका म्हणाले. “तो म्हातारा मध्येच अडकत होता ना, म्हणून.”

“अडकत नव्हते,” मुंगी म्हणाली. “ते आजोबा आहेत.”

पुढचं ताईने तिच्याजवळ बसून, थांबत थांबत काढून घेतलं. आजोबा म्हणजे आईचे वडील. ते यांच्याकडेच राहायचे. गेममधला म्हातारा त्यांच्यासारखा चालावा म्हणून मुंगीने त्यांना खाटेपासून दारापर्यंत चालायला लावलं होतं, आणि कुठल्या पावलाला ते किती थांबतात ते मनातल्या मनात मोजून तेवढ्याच थांब घातल्या होत्या. मोज नीट, मागाहून तक्रार चालणार नाही, असं आजोबा तिला बजावायचे. मग ते गेले. मुंगी आली नव्हती ते शनिवार तेच होते. आता खाट दुमडून भिंतीला लावली होती, आणि आई घरात त्यांचं नाव काढत नव्हती.

गेम आईसाठी होता. त्यात एकच गोष्ट करायची नव्हती, घाई. कोणी बाण दाबला की आजोबा परत मागे. काही न दाबता थांबलं की मोटारी थांबतात आणि आजोबा आपले आपण पलीकडे पोचतात.

“आई रोज कामाला निघताना म्हणायची, बाबा, चला हो, उशीर होतोय,” मुंगी म्हणाली. “आता काहीच म्हणत नाही.”

ताई म्हणाली, आपण थांब परत घालू, आकडे नव्याने लिहू. मुंगीने नकाराची मान हलवली. तिला आकडे आठवत नव्हते. आणि परत मोजायला आता आजोबा नव्हते. हे तिने काही रडून सांगितलं नाही. पेन्सिल हरवली म्हणून सांगावं तसं सांगितलं, आणि लॅपटॉप मिटला. काकांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आयुष्यात त्यांच्या हातून वायर जळल्या होत्या, मोटर बिघडली होती, एकदा तर एका लग्नाच्या वऱ्हाडाला ते दोन मजल्यांच्या मध्ये लटकवून आले होते. पण त्यातलं सगळं पुन्हा जागेवर आणता आलं होतं.

घरी त्यांना घास उतरेना. काकूंनी विचारल्यावर त्यांनी सगळं सांगितलं, आणि आता आपल्याला झापणार म्हणून वाट पाहत बसले. काकू काही बोलल्या नाहीत. ते झापण्याहून वाईट होतं. मग काकांनीच एक तोड काढली. आपण अंदाजाने थांब घालून ठेवू, म्हातारी माणसं चालतात तशा. लहान पोर आहे, तिला काय कळणार.

“म्हणजे परत तुम्हीच दुरुस्त करणार,” काकू म्हणाल्या.

काकांनी ताट बाजूला सारलं.

“अहो, तिच्याकडे जा,” काकू जरा मऊ होऊन म्हणाल्या. “आणि या खेपेला विचारा.”

काकांनी ताईला गळ घातली, आणि मधल्या वारी ऑफिस सुटल्यावर ताईने हॉल उघडला. मुंगी आली, पण काही काकांवर कृपा करायला नव्हे. आईची कामाची पाळी बदलली होती आणि पोरीला ठेवायला दुसरी जागा नव्हती. ती खिडकीकडे तोंड करून बसली. काका तिच्यासमोर लहान मुलांच्या खुर्चीत कसेबसे मावले.

“मी चुकलो,” ते म्हणाले. “तुला न विचारता हात लावला. तुझं नुकसान केलं.”

असू दे काका, असं मुंगी म्हणाली नाही. का म्हणावं तिने? काकांनाही ती अपेक्षा नव्हती. त्यांनी विचारलं, की आजोबा कसे चालायचे ते मला शिकवशील का, मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. मुंगी खिडकीबाहेरच बघत राहिली, तेव्हा ते आपले उठले आणि त्यांनीच सुरुवात केली. कंबरेत वाकले, हात थरथरवले, कण्हत कण्हत दोन पावलं टाकली. मुंगीने थोडा वेळ ते सहन केलं.

“असे नाही,” ती शेवटी चिडून म्हणाली. “ते असे बिचारे नव्हते.”

मग कसे? पाठ ताठ. आणखी ताठ. डावा पाय आधी, मग उजवा त्याच्या शेजारी आणून ठेवायचा, पुढे नाही टाकायचा. काकांचा उजवा पाय सवयीने पुढे जायचा आणि मुंगी त्यांना परत भिंतीपासून चालायला लावायची. गुडघे बोंबलत होते, पण काकांनी हूं की चूं केलं नाही. थोडं चालल्यावर तिने त्यांना थांबवलं.

“इथे दम लागायचा का?” काकांनी विचारलं.

“लागायचा. पण ते सांगायचे नाहीत. चष्मा काढून पुसत बसायचे.” मुंगीने काकांच्या चष्म्याकडे पाहिलं. “चष्मा स्वच्छच असायचा.”

ताई उगाचच उठून खिडकी लावायला गेली. काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि डोळ्यांवर चढवला. इतक्यात नाही, मुंगी म्हणाली. परत काढा. पुसा. अजून. दुसरी काच. अजून. आता उजेडात धरून बघा. हां, आता घाला. ती हे घड्याळ न बघता, काहीही न मोजता सांगत होती, आणि एकदाही अडत नव्हती. तिच्या ध्यानात आलं नाही, पण काकांच्या आलं. ते तोंडावर येत होतं, पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

काका पुन्हा चुकले तसा तिचा धीर सुटला. ती स्वतःच उठली आणि हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून गेली. ताठ पाठ, डावा पाय, शेजारी उजवा. मध्ये थांबली, नसलेला चष्मा काढला, निगुतीने पुसला, उजेडात धरला. तिला मुळीच घाई नव्हती. ज्या माणसाला काकांनी कधी पाहिलं नव्हतं तो त्यांना त्या एवढ्याशा पोरीत स्पष्ट दिसला, आणि त्यांचे डोळे भरून आले. पलीकडच्या भिंतीशी पोचल्यावर मुंगी वळली, आणि तशीच थेट लॅपटॉपकडे गेली.

डोळे मिटायची, ओठ हलवायची, एक थांब घालायची. पुन्हा डोळे मिटायची. पूर्वी तिच्या गेममध्ये चष्मा नव्हता. आता तिने तो रेखाटला, आणि तो पुसणारा हातही. काका तिच्या मागे उभे होते. एकदा तिने चष्म्याची वीट चुकीच्या जागी लावली आणि आजोबा रस्ता ओलांडून झाल्यावर एकटेच पलीकडे चष्मा पुसत बसले. चूक काकांना लगेच दिसली. त्यांचा उजवा हात कंबरेपर्यंत आला. तिथून तो त्यांनी परत मागे नेला आणि डाव्या हाताने मनगट घट्ट धरून ठेवलं. मुंगीने खूप वेळ लावला, चूक शोधली, आणि कोणाकडेही न बघता सुधारली.

आईवडिलांच्या शनिवारी हॉल फुलून गेला. काकूही आल्या होत्या. एक पोर त्यांच्याकडून मोठ्या हौसेने फुगे फोडून घेत होतं. मुंगीची आई सगळ्यांत शेवटी आली. कामावरचेच कपडे, अंगाला साबणाचा वास, हातात फोन. मला फार वेळ नाही हं, असं तिने आल्या आल्या ताईला सांगितलं, आणि मुंगी दाखवेल त्या खुर्चीत टेकली. काका मागे जाऊन उभे राहिले.

आईने पडद्याकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि बाण दाबला. म्हातारा मागे गेला. तिने पुन्हा दाबला, मग भराभर चारपाचदा दाबला.

“बंद पडलंय का गं हे?” तिने विचारलं.

“नाही,” मुंगी म्हणाली. “आई, काही दाबू नको. नुसती थांब.”

आईने लेकीकडे पाहिलं. मग फोन पालथा करून ठेवला आणि हात मांडीवर घेतले. मोटारी थांबल्या. म्हातारा फुटपाथवरून खाली उतरला. डावा पाय, मग उजवा त्याच्या शेजारी. ताठ पाठीने तो रस्त्याच्या मध्यापर्यंत आला आणि थांबला. बाजूच्या लॅपटॉपवर कोणाचा तरी गेम टुंगटुंग वाजत होता. म्हाताऱ्याने चष्मा काढला आणि पुसायला लागला.

आई पुढे झुकली. तो पुसतच होता. एक काच, मग दुसरी. मग त्याने चष्मा उजेडात धरला. आईचा हात मांडीवरून उठला आणि कीबोर्डकडे गेला. काकांनी पाठीमागे स्वतःची बोटं आवळून धरली. पण तो हात कळांवर टेकला नाही. तो तसाच पुढे गेला. पडद्यावरच्या त्या ताठ पाठीवर तिने बोट ठेवलं, आणि शेजारी उभ्या असलेल्या मुंगीलाही जेमतेम ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली,

“सावकाश, बाबा. घाई नाही.”

आजोबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पुढचं पाऊल टाकलं.